टपावरचं ऊन

मन्मथअप्पांना कुठलीही वस्तू दाखवली की ते आधी ती हातात मागायचे. किंमत नंतर, रंग नंतर, कुठल्या गावची ते त्याहून नंतर. परळीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. तांब्यापितळेची भांडी वजनावर विकण्यात सगळी उमर गेली, त्यामुळे तळहात हाच त्यांचा तराजू झाला होता. मी रेल्वेत बुकिंग क्लार्क. बदली होऊन परळीला आलो आणि त्यांच्या घरातल्या खालच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा माझं नाव विचारण्याआधी त्यांनी माझी पत्र्याची ट्रंक उचलून पाहिली.

"लई पुस्तकं हायत यात," ते म्हणाले. "लगीन व्हायच्या आत जरा कमी करा. तिची बी ट्रंक येईल."

होती पुस्तकंच. घरमालकाशी पहिल्याच दिवशी भांडायचं नसतं.

पांढरं स्वच्छ धोतर, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आणि आवाज असा की दुकानातून हाक मारली तर स्टेशनवरच्या हमालाने मागे वळून पाहावं. शिक्षण निजामाच्या वेळचं, उर्दूतून झालेलं. त्यामुळे रागावले की उर्दूत रागावायचे आणि ते ऐकायला इतकं गोड लागायचं की समोरचा माणूस शिव्या खाऊन खूश होऊन जायचा. गल्लीत कुणाचं बारसं असलं की बायका बाळ आधी अप्पांच्या हातात द्यायच्या. अप्पा डोळे मिटून वजन सांगायचे आणि दवाखान्यातला काटा नंतर तेच सांगायचा. एकदा काटा वेगळं बोलला. अप्पांनी डॉक्टरांना काटा तपासून घ्यायला लावलं, आणि खरोखरच काटा बिघडलेला निघाला. ही हकिकत ते अधूनमधून सांगत. मीही ती पुष्कळदा ऐकली आहे आणि आज सांगताना मलाच जास्त अभिमान वाटतो आहे.

पण या माणसाला एक वजन पेलत नव्हतं. त्यांच्या बायकोचा, गिरिजाकाकूंचा दमा.

काकू बारीक अंगाच्या, हसऱ्या. बोलताना मध्येच थांबायच्या, श्वास गोळा करायच्या आणि तुटलेलं वाक्य जिथल्या तिथून पुढे सुरू करायच्या. दम लागला की औषधाची वाफ देणारं एक यंत्र लावावं लागे. ते विजेवर चालायचं. आणि वीज? आमच्या परळीत कोळसा जळतो, धुराडी आभाळाला टेकतात, सकाळी अंगणात राखेचा थर असतो, एवढ्या मोठ्या थर्मल वीजकेंद्राच्या सावलीत राहूनही आमचे दिवे जायचे ते जायचेच. दिवे गेले की अप्पा दुकान तसंच टाकून घराकडे धावत. यंत्रासाठी त्यांनी बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर करून घेतला होता. तो इस्माईलभाईंनी बनवला होता. इस्माईलभाई म्हणजे बसस्टँडजवळचे बॅटरीवाले आणि अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. दोघं एकमेकांना "का बे" म्हणून हाक मारत, आणि त्या "बे"मध्ये केवढी माया होती हे ऐकणाऱ्यालाच कळेल.

काकूंची एकच इच्छा होती. श्रीशैलला जायचं. मराठवाड्यातल्या आमच्या ओळखीच्या लिंगायत घरांत श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचं नाव माहेरासारखं घेतात. काकूंचे वडील दरवर्षी पायी जायचे. "पुढच्या साली तुला नेतो" असं म्हणत राहिले आणि तेवढ्यात काकूंचं लग्न झालं. तिथे लिंगाला हात लावता येतो, त्यावर डोकं टेकवता येतं, हे काकू मला सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज लहान मुलीसारखा व्हायचा. डॉक्टरांनी मात्र बजावून ठेवलं होतं, की यंत्र हाताशी असेल तर खुशाल जा, नसेल तर घराबाहेर मुक्काम करू नका. आणि श्रीशैल तर जंगलातल्या घाटात.

मी रेल्वेचा माणूस. साहजिकच म्हटलं, "अप्पा, हैदराबादपर्यंत गाडीने चला, पुढे बस आहे."

"तुमच्या डब्यात प्लग हाय का?" अप्पांनी विचारलं. नव्हता. विषय संपला.

मग एके दिवशी त्यांनी एका बँडवाल्याची जुनी मॅटाडोर विकत आणली. बाजूला सोनेरी अक्षरांत बँडचं नाव आणि एक तुतारी रंगवलेली होती. अप्पांनी नाव पुसलं, तुतारी ठेवली. आत एक पलंग, स्टोव्ह, पाण्याचं पिंप, खिडक्यांना पडदे. फिरतं घरच झालं ते. इस्माईलभाईंनी जादा बॅटरी बसवली आणि म्हणाले, "बॅटरी उतरली की इंजिन चालू करायचं. भरते."

अंगणात गाडी उभी करून इंजिन चालू केलं. डिझेलचा धूर मागून आत शिरला आणि काकूंना जी उबळ आली ती थांबेना. इस्माईलभाईंनी चावी काढली आणि खाली मान घालून उभे राहिले. श्वासासाठी यंत्र, यंत्रासाठी बॅटरी, बॅटरीसाठी धूर, आणि धुराने श्वास बंद! जनरेटरचाही तोच घोळ. चालत्या गाडीचा धूर मागे पडतो, पण गाडी चार दिवस एका जागी उभी राहील तेव्हा बॅटरी भरायची कशी, या एका प्रश्नावर सगळं येऊन अडलं.

तोडगा मला सुचला असं मी सांगतो. अप्पा सांगायचे त्यांना सुचला. आमच्या लाईनवर एका आडवळणाच्या फाटकाला टेलिफोनसाठी सौर पॅनेल बसवलेलं होतं. मी अप्पांना ते दाखवायला घेऊन गेलो. अप्पांनी फाटकवाल्याला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की खांबावरून ते खाली काढ, मला हातात घेऊन बघायचंय. फाटकवाला घाबरून माझ्याकडे पाहायला लागला. शेवटी अप्पा स्टुलावर चढले, खालून हात लावून त्यांनी पॅनेल जरासं तोललं आणि उतरताना म्हणाले, "काम चोख हाय. पर जड हाय. हे गाडीच्या टपावर न्हाई चालायचं."

त्या काळात आयात नुकतीच खुली झाली होती आणि हैदराबादच्या बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं. अप्पा मला बरोबर घेऊन गेले. दुकानदार तरणा होता. तो वॉट सांगायला लागला, व्होल्ट सांगायला लागला. अप्पा दुकानाच्या मधोमध उभे राहिले आणि आपल्या जुन्या झोकदार उर्दूत म्हणाले, "मियाँ, वॉट की बात बाद में. पहले उठाने दो."

एकेक पॅनेल त्यांनी उचललं. नुसतं उचललं नाही, दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि दुकानात इकडून तिकडे चालून पाहिलं. मध्येच कंबर हलवायचे, खड्ड्यातून गाडी जाते तसं. गिऱ्हाइकं जमली. अप्पांना त्याचं काही नव्हतं. अखेर दुकानदाराने आतून एक परदेशी पॅनेल आणलं. त्याला काच नव्हती. वरून प्लॅस्टिकचं आवरण, खाली पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये काळे-निळे चौकोन. अप्पांनी ते डोक्यावर घेतलं आणि चालताना पहिल्यांदाच हसले.

दुकानदार सरळ होता. त्याने सांगून टाकलं, की यावर ओरखडे लवकर पडतात, आणि काचेचं याच्यापेक्षा जास्त वर्षं टिकतं.

"काच घराच्या माळवदावर बरी," अप्पा मला मराठीत म्हणाले. "आपलं घर हलतंय. रस्त्यानं काच फुटली म्हंजे?"

हलकी दोन पॅनेलं त्यांनी विकत घेतली आणि एक काचेचं जाकड आणलं, म्हणजे पसंत पडलं तर ठेवायचं, नाहीतर परत. हलक्यांनी काम दिलं नाही तर त्यांच्या बदल्यात काचेची देईन, असंही दुकानदाराने कबूल केलं. परतीच्या गाडीत अप्पांनी हलकी पॅनेलं वाकळेत गुंडाळून मांडीवर घेतली आणि जागा बदलून खिडकीशी बसले. "जरा ऊन लागू द्या त्यांला," म्हणाले. मी रेल्वेत इतकी वर्षं काढली, पण सामानासाठी खिडकी मागणारा प्रवासी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. घरात नवी वस्तू आली की तिची पूजा व्हायचीच. काकू जिना थांबत थांबत चढून गच्चीवर आल्या. हलक्या पॅनेलांवर त्यांनी ओली विभूती घेऊन तीन बोटांचे पट्टे ओढले, कुंकू लावलं, बेलाचं पान ठेवून हात जोडले. काचेच्या पॅनेलची पूजा झाली नाही. ती वस्तू जाकड, म्हणजे दुसऱ्याची. दुसऱ्याच्या वस्तूची पूजा कशाला करायची?

मग इस्माईलभाईंनी मीटर लावलं. काचेच्या पॅनेलला काटा झपकन वर गेला. हलक्यांना जेमतेम हलला आणि बसला. वायर तपासली, जोड तपासले, पॅनेलांच्या जागा बदलल्या. तेच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. इस्माईलभाई कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "अप्पा, परदेशी मालाचा काय भरोसा? दिसायला लई चांगला हाय. पर ताकद न्हाई बे त्याच्यात."

अप्पांचा चेहरा उतरला. तळहाताने निवडलेली वस्तू खोटी निघाली, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तरी त्यांनी हट्ट धरला नाही. "मग काचेची बसवू," म्हणाले. "पर आधी टपाला विचारू."

टपाला विचारायची त्यांची रीत न्यारी होती. काचेची दोन पॅनेलं आणि ती धरायला लोखंडी चौकट, एवढ्या वजनाचे पितळी हंडे आणि घागरी त्यांनी दुकानातून काढल्या, पोत्यात भरून मॅटाडोरच्या टपावर बांधल्या आणि काकूंना आत बसवून धारूरच्या घाटाकडे निघाले. इस्माईलभाई गाडी चालवत होते, मी पुढे बसलो होतो. बँडवाल्यांची गाडी होतीच, त्या दिवशी तर खरोखर बँड वाजत चालली होती. सपाटीवर ठीक होतं. घाटाच्या पहिल्याच वळणाला टप एका अंगाला ओढला गेला, गाडी झुलली, आणि पुढच्या वळणाला पुन्हा. आतून काकूंचा आवाज आला, "आवो, थांबवा." काकूंना मळमळून आलं होतं, भीतीने श्वास चढला होता आणि पलंगाची दांडी धरून त्या पांढऱ्या पडल्या होत्या. यंत्र लावून त्यांना शांत केलं. अप्पा टपावर चढले आणि एकेक हंडा खाली उतरवायला लागले.

घरी आल्यावर म्हणाले, "जड घ्यावं तर तुला सोसत न्हाई. हलकं घ्यावं तर त्यात दम न्हाई. न्हाई जायचं श्रीशैलला. देवानंच नको म्हटलं म्हनायचं."

काकू आतापर्यंत कधी रागावलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी रागावल्या. आवाज चढवायला श्वास पुरत नव्हता म्हणून हळूच बोलल्या, "देवाचं नाव घेऊ नका. देव काही म्हनला न्हाई. तुमीच म्हनताय."

सकाळी इस्माईलभाई पॅनेलं उतरवायला आले. मीही गच्चीवर गेलो. काकू तिथे आधीच पोचल्या होत्या. रोज सकाळी त्या पॅनेलांना ताजी विभूती लावायला येत, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या वस्तूवर आपला श्वास चालायचा तिची रोज पूजा नको का, असं त्यांचं साधं म्हणणं. आज मात्र हातात विभूती नव्हती. ओलं फडकं होतं.

"भाभी, राहू द्या, मी नेतो तसंच," इस्माईलभाई म्हणाले.

"तसंच?" काकू म्हणाल्या. "आमी भांडीवाले हाव. आमच्या घरातून परत जाणारी वस्तू घासल्याबिगर जात न्हाई." आणि रागारागाने त्यांनी पहिलं पॅनेल पुसायला घेतलं.

मीटर अजून जोडलेलंच होतं. इस्माईलभाई खाली वाकले ते वाकलेलेच राहिले. "भाभी," ते ओरडले, "पुसा! आनखी पुसा! ते बी पुसा!"

काटा चढत होता. विभूतीचे पट्टे निघाले तसा काटा वर आला, दुसरं पॅनेल पुसलं तसा आणखी वर. काकू फडकं धरून थांबल्या. इस्माईलभाई गच्चीवर मांडी घालून बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. त्या पॅनेलातले काळे-निळे चौकोन एकाला एक सांधलेले असतात. त्यातला एक जरी झाकला तरी सगळ्यांचा प्रवाह तिथे अडतो, हे त्यांना माहीत होतं, फक्त पूजेशी त्याचा संबंध त्यांच्या मनात आला नव्हता. तीन बोटांच्या पट्ट्यांनी एक चौकोन बरोबर झाकला जात होता.

"अबे, तुला दिसत न्हवतं का?" जिना चढून आलेले अप्पा म्हणाले.

"दिसत व्हतं की," इस्माईलभाई म्हणाले. "तुमची पूजा हाय. त्याच्यावर मी हात कसा ठिवू?"

अप्पांचा हात आपसूक स्वतःच्या कपाळावरच्या पट्ट्यांकडे गेला. आणि आम्ही तरी कुठे शहाणे होतो? चिमणी शिटली असती तर लगेच पुसलं असतं. राख साचलेली तर रोज सकाळी झटकत होतो. पण विभूती? दुकानाच्या तराजूवर विभूती, तिजोरीवर विभूती, दाराच्या चौकटीवर विभूती, आमच्या कपाळावर विभूती. ती वस्तूवर असते हे आमच्या डोळ्यांनी मोजणंच सोडून दिलं होतं. परळीखेरीज दुसऱ्या गावात ही चूक घडली असती असं मला वाटत नाही. ज्यांना हात लावायला हरकत नव्हती त्यांना ती दिसली नाही, आणि ज्याला दिसली त्याने दोस्ताच्या देवाचा मान राखला.

मग अप्पा हसायला लागले. इतके हसले की त्यांना कठड्याला टेकावं लागलं. हसून झाल्यावर त्यांनी हलकं पॅनेल उचललं, दोन्ही हातांवर तोललं आणि काकूंना म्हणाले, "माझा हात खोटा न्हवता गं."

"तुमचा न्हवता," काकू म्हणाल्या. "माझाच लई लांब गेलता." आणि पत्र्याच्या कडेला, जिथे चौकोन संपतात तिथे, त्यांनी बोटाने विभूतीची बारीकशी रेघ ओढली. कडेलाही देव असतो, असं त्यांचं मत पडलं.

पॅनेलं टपावर बसवताना अप्पांनी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. पत्र्याला थेट चिकटवायची नाहीत, खाली लाकडी पट्ट्या ठेवा, वारा खेळू द्या, नाहीतर तापतील. टपाला भोकं पाडायची नाहीत, पाणी गळून काकूंच्या अंथरुणावर पडेल. इस्माईलभाई कंटाळून म्हणाले, "अप्पा, माझ्या लेकीच्या लग्नाचा मांडव बी मी इतका बघून बांधला न्हवता." अप्पांना ते पटलं. काकूंना माहेरच्या देवाला पोचवायचं होतं. मांडवापेक्षा कमी कसं चालेल?

आम्ही चौघे निघालो. सावकाश, मुक्काम करत. तुतारी रंगवलेली गाडी गावागावांतून जाताना पोरं मागे धावायची आणि अप्पा त्यांना टपाकडे बोट दाखवून सांगायचे, "ते बघा, उन्हावर चालतंय." गाडी डिझेलवर चालायची. उन्हावर काकू चालत होत्या. हा फरक त्यांनी कुणाला समजावला नाही.

श्रीशैलला पोचलो तेव्हा गर्दी होती. पहाटेच्या गारव्याने काकूंना लागोपाठ यंत्र लावावं लागलं आणि बॅटरी उतरली. त्यात धर्मशाळेची वीज गेलेली. दर्शनाच्या रांगेत उभं राहण्याआधी आणखी एकदा वाफ घेणं भाग होतं. आता सगळं उन्हावर होतं. मी काकूंकडे पाहायचं टाळत होतो.

दिवस वर आला. आलेल्या सगळ्या गाड्या झाडांखाली शिरत होत्या, जागेसाठी भांडत होत्या. आमची एकटी मोकळ्या मैदानात, भर उन्हात. अप्पांनी खिडक्यांना ओली पोती बांधली होती, आत गारवा राहावा म्हणून. स्वतः मात्र बाहेर उभे. एक पोलीस आला आणि गाडी सावलीत घ्या म्हणाला, आजारी बाईला उन्हात कशाला तापवता, असंही म्हणाला. माणूस भला होता. अप्पांनी हात जोडले आणि त्याला उर्दूत समजावून सांगितलं. तो टपाकडे पाहत राहिला, मग जवळ उभ्या ठाकणाऱ्या एका ट्रकला त्याने स्वतःच हाकलून दिलं. ट्रकची सावली आमच्या टपावर पडत होती.

इस्माईलभाई आत काटा पाहत बसले होते. बराच वेळ गेला. मग आतून यंत्राची घरघर सुरू झाली. अप्पांनी पत्र्याला हात लावून ती घरघर ऐकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

घरघर थांबली. दार उघडून काकू उतरल्या. हातात बेलाची पानं होती, चेहरा धुतल्यासारखा होता. त्या एक अख्खं वाक्य न थांबता बोलल्या, "चला, तुमी येताय न्हवं का माझ्यासंगं?"

"तू जा," अप्पा म्हणाले. "ह्या रेल्वेच्या बाबूला घेऊन जा संगं. आलीस की परत लागंल यंत्र. मी हितं सावली पडू देत न्हाई. माझं दर्शन उद्या. आज तुझा दिस हाय."

रांगेत शिरण्याआधी मी मागे वळून पाहिलं. सगळं जग सावलीत बसलं होतं. मन्मथअप्पा भर उन्हात गाडीला पाठ लावून उभे होते आणि देवळाच्या कळसाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते काकूंच्या पाठीकडे पाहत होते. काकू माझ्या पुढे चालत होत्या, कुठेही न थांबता.

अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते असेच. त्या दिवशी काकूंनी लिंगावर डोकं टेकवलं आणि तिथेच इतका वेळ थांबल्या, की मागच्या बायकांनी त्यांना हलवलं.